अभिप्रायाचा रकाना

सुधारगृहातल्या मुलांना बागकाम शिकवायला मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा फाटकावरच माझ्या हातात एक यादी ठेवण्यात आली. आत काय काय न्यायचं नाही त्याची. दोरी, काच, तार, कात्री, औषधं, फोन, चिठ्ठ्या, आणि सगळ्यात खाली 'भावनिक जवळीक'. मी अधीक्षक मॅडमना विचारलं, "ही शेवटची वस्तू झडतीत सापडते कशी हो?" त्या हसल्या नाहीत. एकतीस वर्षं मी एका रोपवाटिकेच्या कलमघरात काढली, तिथेही माझ्या विनोदांना कुणी हसत नसे. त्यामुळे मला काही वाटलं नाही.

मी इथे आले ती लेकीमुळे. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत मी तिच्या नाकी नऊ आणले होते. तिच्या कुंड्या, तिचं स्वयंपाकघर, तिच्या नवऱ्याची बसायची पद्धत, सगळ्यांत मला सुधारणा सुचायच्या. शेवटी तिनेच वाचनालयातल्या फळ्यावरची सूचना उतरवून आणली. सुधारगृहाला बागकामासाठी स्वयंसेवक हवे होते. "जा तू," ती म्हणाली, "तिथल्या पोरांना तुझं ऐकावंच लागेल. त्यांना पळून जाता येत नाही."

बाग कसली, स्वयंपाकघराची मागची भिंत आणि बाहेरची उंच भिंत यांच्यामधली एक पट्टी होती. अकरा वाजेपर्यंतच ऊन. कुदळ मारली की विटांचे तुकडे वर यायचे. पोरं एकूण अकरा, चौदा ते सतरा वर्षांची. बुधवारी आणि शनिवारी सकाळी त्यांना रांगेने माझ्यापुढे आणून उभं करत. त्यांनी इथल्या प्रत्येकाला नाव ठेवलेलं होतं. आमच्यावर नजर ठेवणारा पहारेकरी दर दहा मिनिटांनी वेळ सांगायचा, म्हणून तो घड्याळ. मी खुरपं. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि खरं सांगायचं तर आवडलं. रोपवाटिकेत मला यापेक्षा वाईट नावं होती.

आणि एक होता वकील. पहिल्या दिवशी कुदळ हातात दिल्यावर त्याने ती जमिनीवर टेकवली आणि म्हणाला, "बाई, ही माती नाही, मलबा आहे. मलबा उपसायची शिक्षा कोर्टाने आम्हाला दिलेली नाही. निकालपत्र बघा हवं तर." सतरा वर्षांचा, खांद्याने रुंद, आणि तोंड असं की थांबायचं नावच नाही. तो दुसऱ्यांसाठीच जास्त भांडायचा. कुणाचं पांघरूण फाटलं, कुणाचा घरचा फोन चुकला, की हा हजर. अधीक्षक मॅडमनाही तो "मुद्दा असा आहे" म्हणून सुरुवात करायचा. मी त्याला म्हटलं, "मुद्दा असा आहे की तू खण." तो हसला आणि खणायला लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मला भाज्या लावायला सांगितलं होतं. पालक, मुळा, असलं काहीतरी, लवकर येणारं, पोरांना धीर वाटेल असं. ते मी लावलंच. पण माझा जीव गुलाबात. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, भरायचा, हे काम मी जन्मभर केलं. खुंटाच्या सालीवर उभा आडवा छेद द्यायचा, साल हलकेच उचलायची, चांगल्या फांदीवरचा डोळा नखाएवढ्या सालीसकट काढून तिच्यात सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की कळतं. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. याला चाकू लागतो, आणि इथे तर साधी कात्रीही चालत नव्हती. मी दोन महिने अर्ज केले, चकरा मारल्या, अधीक्षक मॅडमचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांनी सात चाकू मंजूर केले. पातं करंगळीच्या दोन पेरांएवढं, आणि प्रत्येक चाकू बारीक साखळीने टेबलाला जखडलेला. टेबल जमिनीत पक्कं केलेलं. काम सुरू होताना घड्याळ सात चाकू मोजायचा, संपताना पुन्हा मोजायचा, आणि साखळीला बांधलेले असूनही एकदा आणखी मोजायचा.

पोरांना या कामाची भारी गंमत वाटली. "खुरपं आम्हाला डोळा मारायला शिकवतंय," असं ती आपसात म्हणायची आणि फिदीफिदी हसायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पहिल्या खेपेला बहुतेकांनी साली फाडल्या, बोटं कापली. वकिलाने वीस डोळे भरले. तीन आठवड्यांनी मी त्याच्या पट्ट्या सोडायला बसले. एकोणीस हिरवे. मी पुन्हा पाहिलं. मला स्वतःला पहिल्या वर्षी विसांत सात लागले होते आणि तेव्हा आमच्या मुकादमाने मला पाठीवर थाप दिली होती. नुसतं म्हटलं, "विसावा का गेला?"

"तेव्हा घड्याळाने दहा वाजल्याचं ओरडून सांगितलं," तो म्हणाला. "मी दचकलो. दोष त्यांचा आहे."

एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली दोनशे तरी माणसं शिकली असतील. असा हात कुणाचाच नव्हता. साल उचलताना तो श्वास धरायचा. पातं सालीत किती गेलं ते त्याला बघावं लागायचं नाही, बोटांनाच कळायचं. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसायला लागले. तो बोलायचा, मी ऐकायची, दोघांचे हात चालू. बुधवार कधी येतो असं मला घरी व्हायला लागलं. लेक म्हणाली, "आई, माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा तू इतकी खुश नव्हतीस." ते खरं होतं. तिच्या लग्नात मी दोन वर्षं मोडता घातला होता.

हात चालू असतानाच त्याने घरचं सांगितलं. आई लहानपणीच गेली. बापाने दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला. हा आणि धाकटा भाऊ आत्याकडे. आत्या दवाखान्यात सफाईच्या दोन-दोन पाळ्या करते, घरी येते ती झोपायलाच. वस्तीतली चार मोठी पोरं गोदामं फोडायची. त्यांना खिडकीच्या गजांतून आत जाऊन कडी काढायला बारीक अंगाचं पोरगं लागायचं. तेराव्या वर्षापासून हा जायचा. सोळाव्या वर्षी एका खिडकीत याचे खांदे अडकले. बाकीचे पळाले, याला सकाळी चौकीदाराने उतरवलं.

"आता मी मावत नाही," तो म्हणाला. पट्टी बांधताना त्याची बोटं थांबली नाहीत. "धाकटा तेराचा झाला, बाई. तो मावतो. त्याला ते गाडीवरून फिरवायला लागलेत. परवा फोनवर म्हणाला, दादा, मला नवे बूट मिळाले. कुणी दिले ते सांगेना. मी घरी गेलो की त्यांची टाप नाही त्याला हात लावायची. माझं ऐकतो तो. आत्याचं नाही ऐकत, माझं ऐकतो."

"कधी आहे तुझी बैठक?"

"दहा तारखेला. चोवीस दिवस."

सुटकेचं ठरवणारी समिती होती तीन माणसांची, दर चार महिन्यांनी बसायची. वकिलाची वागणूक चांगली, शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेला. दहा तारखेला तो सुटणार असं घड्याळसुद्धा म्हणत होता. वकील रोज दिवस मोजत होता आणि माझ्या छातीत रोज धस्स होत होतं. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही, आता सांगते आहे.

बैठकीआधी आम्हा स्वयंसेवकांकडून प्रत्येक मुलाचा एक फॉर्म भरून घेत. हजेरी, वर्तणूक, कौशल्य, आणि सगळ्यात खाली चार ओळींचा रिकामा रकाना, अभिप्रायाचा. वाईट अभिप्रायाने पोरं अडकतात हे मला माहीत होतं. म्हणून मी सगळ्यांबद्दल हात सैल सोडून लिहायची. ज्या पोराने माझ्या पालकाच्या वाफ्यात लघवी केली होती त्याच्याबद्दलसुद्धा मी 'झाडांत रस घेतो' असं लिहिलं होतं.

वकिलाचा फॉर्म मी घरी नेला. जेवणाच्या टेबलावर बसून दोन तास लिहिला. बागेत तेव्हा एकशे साठ खुंटांवर डोळे भरलेले होते आणि त्यातले शंभर त्याच्या हातचे. पुढचं सगळं नाजूक काम बाकी होतं. वरचा रानटी शेंडा केव्हा उडवायचा, कोवळा फुटवा कसा सांभाळायचा, हे त्याला अजून शिकवायचं होतं. हंगाम पुरा केला तर प्रमाणपत्र मिळणार होतं आणि माझ्या जुन्या रोपवाटिकेच्या मालकाने मला शब्द दिला होता की प्रमाणपत्र असलेलं पोरगं तो डोळे मिटून ठेवून घेईल. फक्त चार महिन्यांचा प्रश्न. झाडांत आयुष्य गेलेल्या माणसाला चार महिने म्हणजे काहीच वाटत नाहीत. मी लिहिलं: 'हात अत्यंत कुशल. असा विद्यार्थी मला एकतीस वर्षांत मिळाला नाही. नुकता डोळा भरलेलं रोप जागचं हलवू नये, हलवलं तर लागलेला डोळाही सुटतो. हंगाम पुरा होईपर्यंत या मुलाला इथेच राहू द्यावं. त्यात त्याचं हित आहे.'

वाचून पाहिलं आणि मला ते फार आवडलं. लेकीलाही वाचून दाखवलं. ती ताटं पुसत होती. ती म्हणाली, "त्याला विचारलंस का?"

"त्याला काय कळतंय," मी म्हटलं.

तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. बैठक दहा तारखेला आहे, कागद समितीपुढे जाणार, धाकटा तेराचा आहे, हे सगळं. मी असं मनाशी म्हटलं की समिती तिला हवं तेच करेल, माझ्या चार ओळींनी काय होतंय. पण खरं हे की मला तो माझ्या टेबलाशी हवा होता.

बैठकीत काय झालं ते मला पुढच्या बुधवारी घड्याळाने सांगितलं. त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच वेळ सांगितली नाही. समितीच्या प्रमुखांनी माझा अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, किती आपुलकीने लिहिलंय. प्रमुख वकिलाला म्हणाले, तुझं नशीब थोर, एवढं भलं चिंतणारं माणूस किती जणांना मिळतं. मग त्यांनी सुटका पुढच्या बैठकीपर्यंत लांबवली, त्याच्या हितासाठी. तुला काही म्हणायचंय का, असं विचारलं.

"आणि?"

"काही बोलला नाही," घड्याळ म्हणाला. "मी दारातच होतो. हाच एवढा बोलणारा, पण तोंडातून अक्षर नाही."

वकील आला, टेबलाशी बसला, चाकू हातात घेतला. मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "अरे, भांडायचं होतंस तिथे. सगळ्या जगासाठी भांडतोस."

"काय भांडू? तुम्ही चांगलंच लिहिलंत." त्याने एक खुंट पुढे ओढला. "बाई चुकीचं लिहितात म्हणालो असतो, तर ते म्हणाले असते बघा, एवढं करून किंमत नाही याला. आणि तुम्हाला खोटं पाडावं लागलं असतं. नाही आलं मला ते."

मला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी पाण्याचा पाइप दुसऱ्याच्या अंगावर धरला, आरडाओरडा झाला आणि मी उठून तिकडे धावले, कारण तिथून उठायला मला निमित्त हवंच होतं.

त्याच दुपारी मी अधीक्षक मॅडमपुढे जाऊन बसले. अभिप्राय मागे घेते म्हटलं. मी म्हातारी आहे, मला समजलं नाही, वाटेल ते लिहून देते म्हटलं. त्यांनी फाइल उघडली, वाचली, मिटली. त्या वाईट बाई नव्हत्या, आता मला ते कळतं.

"वाईट लिहिलं असतंत तर अपील करता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता तक्रार काय लिहायची? की मुलाची फार स्तुती झाली?"

"त्याचा भाऊ आहे घरी. त्याला ते लोक..."

"तुम्हाला घरचं कसं माहीत?" त्यांनी विचारलं आणि मला फाटकावरच्या यादीतली शेवटची ओळ आठवली. मग त्याच म्हणाल्या, "समाजसेवकांना कळवते. भेट देतील." भेट तीन आठवड्यांनी झाली, घराला कुलूप होतं, आणि तशी नोंद झाली.

मुलांच्या घरी जायचं नाही असा आम्हाला नियम होता. मी गेले. वकिलाच्या बोलण्यात आलेल्या खुणांवरून शोधत गेले, टायरच्या दुकानाच्या वर, लोखंडी जिना. जिन्याखाली जुन्या टायरांच्या ढिगावर एक पोरगं बसलेलं होतं. नवे पांढरे बूट. काडीसारखे हात, अरुंद खांदे, आणि कपाळ हुबेहूब वकिलाचं. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या दादाला मी ओळखते."

त्याने मला खालीवर न्याहाळलं. "तुम्ही त्या बागेतल्या बाई का? त्याला ठेवून घेतलं त्या?"

तो चार महिन्यांत येतोय, तू तोवर आत्याला सोडून कुठे जाऊ नकोस, शाळा बुडवू नकोस, असं काहीबाही मी बोलले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, मास्तरांचं ऐकतात तसं. कोपऱ्यावर एका मोटारसायकलने दोनदा हॉर्न वाजवला. तो ढिगावरून उतरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. मी "अरे थांब" म्हणून ओरडले. टायरवाला हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागला, बाकी काही झालं नाही.

शनिवारी वकिलाला सगळं आधीच कळलेलं होतं, फोनवरून.

"गेला होतात?" त्याने हळूच विचारलं. घड्याळ चार पावलांवर होता. मी मान हलवली. "कसा दिसतो?"

"बारीक," मी म्हटलं. "काही खातो की नाही कोण जाणे."

"खातो," तो म्हणाला. "अंगालाच लागत नाही त्याच्या. तेच तर झालंय."

त्यानंतरचे चार महिने मी कसे काढले ते मला विचारू नका. त्याचे कसे गेले ते मी पाहत होते. तो एक दिवसही गैरहजर राहिला नाही. सांगितलेलं सगळं करायचा, आणि सांगण्याआधीच करायचा. पण 'मुद्दा असा आहे' संपलं. एकाचे पाय नव्या चपलेने सोलून निघाले, पोरं वकिलाकडे बघत राहिली, वकील वाफ्यातलं गवत काढत राहिला. शेवटी ते मीच जाऊन अधीक्षक मॅडमना सांगितलं. पोरांनीही मग डोळा मारण्याचे विनोद सोडले. घड्याळ मात्र पुन्हा वेळ सांगायला लागला, आणि तेवढाच काय तो आवाज असायचा. फोनच्या दिवशी वकील परत आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायची. आधी धाकटा आठवड्याला बोलायचा, मग एकाआड एक आठवड्याने, मग आत्याच बोलायची आणि तो घरी नसायचा.

गुलाब फुलले. त्याच्या शंभरांतले त्र्याण्णव लागले होते. भिंतीलगत इतका लाल, केशरी, पांढरा रंग त्या जागेने कधी पाहिला नसेल. वरची मंडळी पाहायला आली, फोटो काढले, एकाने मला विचारलं की या मुलांमधला बदल मी कोणत्या शब्दांत सांगेन. मी म्हटलं, मला शब्द येत नाहीत, खत मात्र शेणाचं आहे. वकील तेव्हा पाठमोरा बसून चाकू पुसत होता. फुलांकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही.

पुढच्या बैठकीला त्याचा फॉर्म भरताना मी अभिप्रायाच्या रकान्यात तीन शब्द लिहिले: 'ताबडतोब सोडून द्या.' तो सुटला. प्रमाणपत्रावर नाव सुंदर अक्षरात होतं. निघताना तो माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला वरच्या वर धरलं. त्याच्या हातात पिशवी होती आणि नजर फाटकाकडे होती. मी "घरी जा लवकर" एवढंच म्हणाले.

घरी आत्या होती. धाकटा दीड महिन्यापासून नव्हता. हे मला रोपवाटिकेच्या मालकाकडून कळलं, कारण मी जे जे योजलं होतं ते सगळं घडलं होतं. त्याने वकिलाला खरोखरच ठेवून घेतलं, कलमघरात, मी जिथे बसायची त्याच खिडकीशी. मालकाने मला मुद्दाम फोन केला. "काय हिरा दिलात हो," म्हणाला. "फक्त सुटी झाली की भावाला शोधत फिरतो. सकाळी येतो तेव्हा डोळे लाल असतात. पण हात, बाई, काय हात आहे!"

मी फोन ठेवला. लेक समोरच होती. तिने काय झालं विचारलं, मी सांगितलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "पुन्हा जाऊ नकोस आता तिथे." मलाही तसंच वाटत होतं. पण जाणं बंद केलं असतं तर घरी बसून मी काय केलं असतं? नव्या हंगामाला मी पुन्हा फाटकावर उभी राहिले, तीच यादी पुन्हा हातात घेतली आणि सही केली.

नवी पोरं नऊ होती. रांगेने आणली. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं, की ही माती नाही, मलबा आहे, आणि हे मला तुमच्याआधी एकाने सांगून झालंय. रांगेत सगळ्यात शेवटी तो उभा होता. बूट इथले होते, कापडी. कपाळ तेच. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याने मला ओळखलं होतं. माझं भाषण तिथेच थांबलं. घड्याळाने मला विचारलं, "बाई, बसता का जरा?"

गोदामाच्या खिडकीतून तो नीट आत गेला होता, नीट बाहेरही आला होता. आत झोपलेल्या म्हाताऱ्या चौकीदाराला बाकीच्यांनी मारलं. चौकीदार वाचला, पण गुन्हा मोठा झाला. याला तीन वर्षं.

पहिले काही दिवस तो हात खिशात घालून उभा राहायचा. मी बाकीच्या आठ जणांनाच शिकवत राहायची. पाचव्या आठवड्यात तो आपणहून टेबलाशी येऊन बसला. मी दुसऱ्याला शिकवत होते ते बघत राहिला. मग त्याने चाकू उचलला, साखळी बाजूला सारली आणि सालीला छेद दिला. दिल्यावर त्याने श्वास धरला. मी तिथून उठले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.

भेटीची वेळ शनिवारी दुपारी असते. वकील प्रत्येक शनिवारी यायचा. आता तो पालक म्हणून सही करायचा. आत्याला वेळ नसे आणि तो अठराचा झालेला होता. मी तोवर त्याच्या वाटेला गेले नव्हते. दुपार व्हायच्या आत निघून जायची. पुढे एका शनिवारी मात्र मी थांबले. बाहेरच्या बाकावर तो बसला होता, कपड्यांना कलमघराचा ओला वास. मला पाहून उठला. वाळला होता. मी म्हटलं, "बस." दोघंही बसलो.

"तुमच्याकडे येतो ना तो? बागेत?"

"येतो."

"काम करतो का काही?"

"करायला लागलाय. वीस डोळे भरले त्याने."

"किती लागले?"

पट्ट्या मी त्याच सकाळी सोडल्या होत्या, आणि काय झालं मला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामाचं विचारत होतं, माझा चेहरा फुलला आणि मी बोलून गेले, "वीसच्या वीस! अरे, तुझ्यापेक्षाही हात चांगला आहे त्याचा!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, रागाला मी तोंड दिलं असतं. आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला, पिशवी उचलली, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या जुन्या आवाजात, वकिलीच्या आवाजात, पण अगदी अजिजीने म्हणाला, "मुद्दा असा आहे बाई, तेवढं कागदावर लिहू नका."